दिल्लीच्या वरची खुर्ची

कुठलाही कागद पुढे केला की तांडेल आधी तो उलटा करून बघायचे. मागची बाजू कोरी असली तरी खिडकीच्या उजेडाला धरायचे, अंगठ्याने घासून बघायचे आणि मग विचारायचे, "सही केली तर ह्यो कागद जातो कुनाकडं?"

"तालुक्याला."

"तालुक्याच्या वर कोन?"

"जिल्हा. जिल्ह्याच्या वर मुंबई, मुंबईच्या वर दिल्ली. करा आता सही, बाबा, मागे माणसं खोळंबलीत."

"आनि दिल्लीच्या वर?"

पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी वैतागून म्हटलं, "दिल्लीच्या वर देव!" त्यांनी पेन टेबलावर ठेवलं आणि शाळेतल्या मठ्ठ पोरीकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं. "देव हाय, ते मला नको सांगू. पन दिल्लीच्या आनि देवाच्या मदी एक खुर्ची हाय. तिच्यावर कोन बसलाय, ते आदी बोल." सही न करताच ते निघून गेले. मागची माणसं खो खो हसली आणि मी कपाळाला हात लावला.

आमच्या बंदरावरच्या मच्छीमार सोसायटीत मी कारकून आहे. होडीचा जो मुख्य असतो, तो तांडेल. यांची होडी आता मुलगा, किसन, चालवत होता. दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदू झाल्यापासून ते स्वतः दर्यावर जात नव्हते. पण गाव अजून बापालाच तांडेल म्हणायचं, म्हणून मीही इथे तेच म्हणते. तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल, जो सगळ्यांवर संशय घेतो आणि तरी ज्याच्यावर कुणी संशय घेत नाही. आमचे तांडेल तसे होते.

माझ्यावर तर त्यांचा खास संशय. मी म्हसळ्याच्या पलीकडच्या गावातली, भातशेती करणाऱ्यांची मुलगी. कॉलेजात हरेश भेटला, लग्न केलं आणि खाचरातली मी कोळीवाड्यात येऊन पडले. चौदा वर्षं झाली, सुकट वाळत घालण्यापासून सगळं शिकले, तरी तांडेल मला हाक मारायचे ती "ए, डोंगराकडची!" अशीच. "तू डोंगराकडची, तुला दर्याचं काय कळनार? तुला हितं कुनी बसवलीय?" मी म्हणायचे, "सोसायटीने बसवली." मग पुन्हा ती शिडी सुरू व्हायची. सोसायटीच्या वर कोन, त्याच्या वर कोन.

त्या खुर्चीची सगळी भानगड मला तुकड्यातुकड्याने कळली. कुणी मुंबईचा पाहुणा काहीतरी सांगून गेला होता, बाकीचं सुनेच्या फोनवर येणारे कुणाकुणाचे आवाज ऐकून झालं होतं. सगळ्या जगाचं एकच सरकार होणार. देश नावालाच राहणार. एकच नोट, एकच पंचांग, एकच देव. दर्याही त्यांचाच.

"एकच पंचांग केलं, तर भरती कोनाच्या तारखेनं येनार, त्यांच्या का चंद्राच्या?" असं ते विचारायचे. "आनि देव एकच केला, तर आमच्या गावदेवीला काय पेन्शनीत काडनार? होडी सोडायचा कौल मग कोनाला लावायचा? फारेनला फोन करायचा?"

देशावर त्यांचा राग नव्हता, हे नीट लक्षात घ्या. पंधरा ऑगस्टला बंदरातला सगळ्यात उंच तिरंगा त्यांच्या होडीवर असायचा आणि राष्ट्रगीत चालू असताना कुणी नुसतं नाक खाजवलं तरी नंतर त्याची खरडपट्टी व्हायची. "देशासाठी दर्यावर नजर ठेवा म्हनतील तर रात्रंदिस ठेवीन," म्हणायचे, "पन माज्यावर नजर ठेवनारा कोन, त्याचं तोंड मला दिसलं पायजे."

महत्त्वाचं बोलायचं असलं की घरातले सगळे फोन ते तांदळाच्या डब्यात ठेवायला लावायचे. सून बिचारी भात शिजवताना दरवेळी डब्यात हात घालून आधी फोन चाचपायची. आम्ही हसायचो. पण खरं सांगते, एकदा मी घरात नुसतं म्हटलं की कुकरची रिंग गेली, आणि संध्याकाळी माझ्या फोनवर कुकरच्या जाहिराती. त्या रात्री मीसुद्धा फोन पालथा घालून झोपले. कुणाला बोलले नाही.

मग ते यंत्र आलं. प्रत्येक होडीवर बसवायचं. उपग्रहावरून होडी कुठे आहे ते कळतं, वादळाची सूचना जाते, अडचणीत असलात तर बटण दाबायचं. बसवल्याचा फोटो काढून पाठवायचं काम माझ्याकडे. सगळ्यांनी कुरकुरत बसवलं. तांडेल मात्र यंत्र उलटसुलट करून बघत राहिले.

"आपल्याच देशाचं आहे, बाबा. उपग्रह पण आपलाच."

"उपग्रह आपला. पन आभाळाला कंपौंड हाय का?"

  पण त्यांचं खरं दुखणं खुर्चीचं नव्हतं, ते मला त्या दिवशी कळलं. आमच्याकडे दर्यावर निघालेल्या माणसाला 'कुठे' असं विचारत नाहीत. बायको विचारत नाही, आई विचारत नाही. विचारलं तर तो सरळ मागे फिरतो, त्या दिवशी होडी सुटत नाही. माझ्या लग्नानंतरच्या आठवड्यात मी हरेशला दारातून ओरडून विचारलं होतं आणि सासूबाईंनी माझ्या तोंडावर हात ठेवला होता.

"मी पन्नास वर्सं दर्या मारला," तांडेल म्हणाले. "माज्या आयशीनं कवा विचारलं न्हाय, बायकोनं विचारलं न्हाय. आनि ह्यो डबा दिसभर विचारनार, कुठं हायस, कुठं हायस, कुठं हायस. होडी परत येईल का, सांग."

आणि त्याच्याही आत आणखी एक गोष्ट होती. त्यांच्याकडे एक जागा होती. खोल पाण्यात, खालच्या खडकात, जिथे घोळ, रावस असे महागडे मासे मिळतात. त्यांच्या वडिलांनी त्यांना दाखवली, त्यांनी किसनला. किनाऱ्यावरचे डोंगर एकमेकांपुढे कसे येतात, त्या खुणांवर ती सापडायची. सगळं बंदर ती शोधत होतं आणि कुणालाच सापडली नव्हती. कधी कुणी मागावर आलं, तर म्हणे ते होडी वळवून भलतीकडेच जाळं टाकायचे आणि रिकाम्या हाताने परत यायचे.

शेवटी यंत्राशिवाय होडी सोडू देणार नाही असं वरून आलं, तेव्हा किसनने बापाला कसंबसं तयार केलं. अट एकच, बाईमाणसाने होडीवर पाय ठेवायचा नाही. म्हणजे फोटो काढायचा कुठून? मी चपला हातात घेतल्या, साडी खोचली आणि गुडघाभर पाण्यात उभी राहून फोटो काढला. नेमकी लाट आली आणि मी कमरेपर्यंत भिजले. तांडेल खळखळून हसले. माझ्यासमोर पहिल्यांदाच. "डोंगराकडचीला दर्यानं वळखलं गो!" म्हणाले.

दोन दिवसांनी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर बघते तर काय, बाकीच्या होड्यांचे ठिपके पाण्यात आणि तांडेलांच्या होडीचा ठिपका कोळीवाड्यात, बरोब्बर त्यांच्या घरावर! होडी तर पहाटेच गेली होती. मी तशीच त्यांच्या घरी गेले. देव्हाऱ्यात, गावदेवीच्या टाकापुढे, हळदकुंकू लावलेलं यंत्र.

"बाबा, हे काय?"

"तिच्या म्होरं ठेवलंय. वरून जो कोन बघतोय, त्याला म्हनावं आदी हिच्याशी बोल."

मी हसत सुटले. चूक माझी तिथूनच सुरू झाली म्हणा. तक्रार करायला हवी होती, ती केली नाही. महिनाअखेर परत होडीवर लावा, एवढंच म्हटलं. ते म्हणाले, "बघू." मी चहा पिऊन आले.

त्याच महिन्यात एक दिवस किसनची होडी आली नाही. सकाळी यायची ती. दहा वाजले, बारा वाजले. वारा फिरला होता, पाणी खवळलेलं. किसन आणि बरोबर दोघं, कुणाचाच फोन लागत नव्हता. यंत्र देव्हाऱ्यात. सागरी पोलिसांचा फोन आला, शोधायचं कुठे, दिशा सांगा. धक्क्यावर सगळं गाव जमलेलं आणि कुणाला काही माहीत नाही, कारण कुणी विचारलंच नव्हतं. किसनची बायको धक्क्याच्या पायरीवर नुसती बसून होती.

दीडच्या सुमाराला तांडेल ऑफिसात आले. बसलेल्या चौघांना म्हणाले, "भाईर व्हा." दार लावून घेतलं. माझा मोबाईल उचलून खिडकीबाहेर कट्ट्यावर ठेवला. मग खुर्चीत बसले. 

"मला दिसत असतं, तर मीच गेलो असतो होडी घेऊन," म्हणाले. "डोंगरच दिसत न्हाईत आता. पोरी, कागद घे."

पोरी म्हणाले. डोंगराकडची नाही.

मी कागद घेतला. त्यांनी माझ्या हातातून तो घेऊन उलटा केला, मागची बाजू बघितली, परत दिला. आणि सांगितलं. मागच्या डोंगरातली खिंड आणि पुढचा बोडका सुळका एका रेषेत धरायचे, उजव्या हाताला बेटाचं टोक दिसेनासं होईपर्यंत बाहेर जायचं, सतरा वाव खोल पाणी लागलं की थांबायचं. आणखीही दोन खुणा होत्या, त्या मी इथे लिहीत नाही, आता त्याला अर्थ नसला तरी. "आयशीला सांगितलं न्हाय," म्हणाले, "बायको मेली, तिला सांगितलं न्हाय. तुला सांगतोय. पोलिसाला वाचून दाव आनि कागद फाडून टाक."

मी ऑफिसच्या फोनवरून पोलिसांना वाचून दाखवलं. पलीकडचा साहेब घाटावरचा, त्याला इथली खिंड काय आणि सुळका काय, दोन्ही सारखंच. पण त्यांच्या लाँचवरच्या माणसाला दिशा कळली. फोन ठेवल्यावर तांडेलांच्या देखत मी कागद फाडला. त्यांनी तुकडे गोळा करून खिशात घातले.

संध्याकाळी पाचला होडी सापडली. पंख्यात जाळं अडकून इंजिन बंद पडलं होतं आणि ती त्या जागेपासून दक्षिणेला वाहत गेली होती. दिशा मिळाली नसती तर काही खरं नव्हतं, असं तो साहेब फोनवर म्हणाला. किसन धक्क्यावर उतरला, तेव्हा तांडेलांनी त्याच्या एक सणसणीत मुस्काटात दिली आणि मग त्याला असं कवटाळलं की सोडेनात. मी रडले. सगळेच रडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः यंत्र देव्हाऱ्यातून काढलं आणि किसनच्या हातात दिलं. "बसव," म्हणाले.

आता माझं ऐका.

होडी सापडली त्या संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो होतो. मला नुसतं भरून आलं होतं. चौदा वर्षं त्या वाड्यात मी बाहेरची होते, आणि ज्या माणसाने आईला सांगितलं नाही, बायकोला सांगितलं नाही, त्याने मला सांगितलं. मला! हे मी कुणाला तरी दाखवल्याशिवाय कशी राहणार होते? हरेशने काही विचारलं नव्हतं हो. मीच म्हटलं, "माहितीय, बाबांनी जागा मला सांगितली." तो म्हणाला, "चल, काहीतरीच." मी म्हटलं, "काहीतरीच काय?" आणि सगळं सांगितलं. खिंड, सुळका, बेटाचं टोक, सतरा वाव. त्याच्या हातातला घास तसाच राहिला होता, तो मला दिसला. तरी मी बोलत राहिले.

"बरं," एवढंच तो म्हणाला आणि भात कालवायला लागला.

दहाबारा दिवसांनी हरेशच्या होडीला घोळ लागले. मग त्याच्या चुलतभावाच्या. मग एके सकाळी मी कॉम्प्युटर उघडला, तर आमच्या सोसायटीचे सतरा ठिपके एकाच ठिकाणी, चतकोर भाकरीवर मुंग्या याव्यात तसे. मी घरी जाऊन भांडले. हरेश म्हणाला, "दर्या काय त्याच्या बापाचा हाय?" त्याचंही खोटं नव्हतं. पण त्या दिवशी मला त्याच्या ताटात वाढावंसं वाटलं नाही.

दोन महिन्यांत ती जागा खरवडून निघाली. पिढ्यानपिढ्या एक होडी जिथे जात होती, तिथे अठरा जायला लागल्या. किसन अर्धी पाटी घेऊन परत यायचा.

तांडेल ऑफिसात आले, तेव्हा मी उठून उभी राहिले. मला वाटलं, आता बोलणार. त्यांच्या नजरेला नजर देता येईना.

"बघितलंस?" ते म्हणाले. "मी काय बोलत होतो? यंत्र बसवलं आनि महिन्यात जागा लुटली. वरून बघितलं त्यांनी, आनि वाटून टाकली."

मी चहा टाकायला वळले.

"का तुज्या ह्या फोनातून ऐकलं असंल. मी भाईर ठेवला, पन खिडकी उगडी होती." आणि मग माझ्याकडे बघून, अगदी हळू म्हणाले, "तुजा काय दोस न्हाय, पोरी. तुज्यासारकीला ते काय विचारून ऐकतात? तू आपली संबाळून ऱ्हा."

मी त्यांना चहा दिला. त्यांनी बशीत ओतून प्यायला. मी गप्प बसले. तुम्ही म्हणाल, तेव्हाच सांगायचं होतं. सांगायचं होतंच. पण एवढ्या मोठ्या जगावर त्यांनी आळ घेतला होता, त्याच्या आडोशाला मला फार बरं वाटलं.

त्यानंतर वर्षभर बंदरावर त्यांची चेष्टा चालायची. "तांडेल, खुर्चीवाल्यानं आज किती मावरं नेलं?" हसणाऱ्यांत हरेशही असायचा. मी तेवढी हसत नसे. घरात बापलेकांचं बिनसलं. तांडेल म्हणायचे यंत्र काढ, किसन म्हणायचा त्या दिवशी यंत्र होडीवर असतं तर तुमच्यावर ती पाळी आली नसती. दोघांचंही खरं, म्हणून दोघंही बोलेनासे झाले. माझ्याशी मात्र तांडेल बोलायचे. येता-जाता खिडकीत थांबायचे. सगळ्या जगात त्यांचा संशय नसलेलं एकच माणूस उरलं होतं आणि ती मी होते. याहून मोठी शिक्षा मला कुणी दिली नसती.

गेल्या पावसाळ्यात, होड्या वर ओढून ठेवल्या होत्या त्या दिवसांत, ते आजारी पडले. किसनची बायको दुपारी बोलवायला आली. "बाबा तुम्हाला बोलावतायत. एकटीला."

खाटेवर नुसती हाडं उरली होती. मला जवळ बसवलं, सुनेला बाहेर जायला सांगितलं.

"अजून एक जागा हाय," म्हणाले.

मी मागे वळून दाराकडे बघितलं.

"पयलीपेक्षा मोटी. किसनालाबी ठावं न्हाय. मी राकून ठेवली व्हती, वाईट दिवसासाठी. त्याच्या होडीवर तो डबा हाय, त्याला सांगितलं म्हंजी वर सांगितलं. तू मनात ठेव. डबा निगंल कवा तरी, सरकारं काय कायमची नसतात. तवा त्याला सांग." श्वास लागला म्हणून थांबले. माझा हात धरला. "वाक हिकडं. कानात सांगतो."

मी वाकले नाही. किसनचं पोट त्यात होतं, हे मला कळत होतं. गप्प बसून ऐकलं असतं, मनात ठेवलं असतं, किसनला दिलं असतं, तर सगळ्यांचं भलं झालं असतं. पण तो हात माझ्या हातात होता आणि मला ते सहन होईना.

"बाबा, नका सांगू," मी म्हटलं. "उपग्रहाने नाही पाहिलं. फोनाने नाही ऐकलं. मी हरेशला सांगितलं. त्याच संध्याकाळी. जेवताना."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्या डोळ्यांना काय दिसत होतं, देव जाणे. हात त्यांनी लगेच सोडवून घेतला नाही. बऱ्याच वेळाने घेतला.

"जगाचं सरकार व्हतं, तवर बरं व्हतं गो," म्हणाले.

मग भिंतीकडे तोंड केलं. "सुनेला पानी आनाय सांग."

चौथ्या दिवशी गेले.

होड्या पुन्हा पाण्यात उतरल्या, त्या आठवड्यात किसन कागदावर सही करायला ऑफिसात आला. सही केली, पेन टोपण लावून ठेवलं आणि मग खाली बघतच म्हणाला, "वहिनी, बाबांनी तुम्हाला बोलावलं होतं. शेवटचं काय बोलले? माझ्यासाठी काही सांगून गेले का?"

"नाही रे," मी म्हटलं. "काहीच नाही सांगितलं."

तो "बरं" म्हणून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉम्प्युटर उघडला. त्याच खरवडलेल्या जागेवर सतरा ठिपके आधीच जमले होते आणि किसनचा अठरावा हळूहळू त्यांच्याकडेच चालला होता.